त्रिकोणी डोंगर आणि पेलाभर पाणी

कोणत्याही वर्गात जाऊन मुलांना ‘देखावा काढा’ असे सांगून पाहावे. दहा मिनिटांत साठ कागदांवर जवळजवळ एकच चित्र तयार होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघून खाली रुंद होत येणारी निळी नदी, काठावर एक कौलारू घर, शेजारी नारळाचे झाड आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. वाईला हेच चित्र, संगमनेरला हेच, आणि जिथे नारळाचे झाड औषधालाही सापडणार नाही अशा गावातही हेच.

गंमत अशी की, यांतल्या पुष्कळ वर्गांच्या खिडकीतून खरा डोंगर दिसत असतो आणि तो त्रिकोणी नसतो. सह्याद्रीचे व त्याच्या फाट्यांचे बहुतेक डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगावर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. पुढे ऊन, वारा आणि पाऊस यांनी मऊ थर झिजले, त्यांचे उतार झाले. कठीण थर कडे होऊन उभे राहिले. भूगोलाच्या तासाला मुले ‘बेसॉल्ट’ आणि ‘दख्खनचे पठार’ पाठ करतात आणि चित्रकलेच्या तासाला त्रिकोण काढतात. म्हणजे खिडकीबाहेर कोणत्याच तासाला कोणी पाहिलेले नसते.

हा प्रश्न एकट्या चित्रकला शिक्षकांचा नाही. जो विद्यार्थी न पाहता डोंगर काढतो, तो प्रयोगवहीतही न पाहता ‘निरीक्षण’ लिहितो. पुस्तकात जे उत्तर असते तेच त्याच्या परीक्षानळीत दिसते! पाहण्याची सवय लावायची तर हाती असे काही द्यायला हवे की, ज्याच्याकडे लक्ष दिल्यावाचून गत्यंतर नाही. जलरंग हे असे साधन आहे. तेलखडू आपण नेऊ तिकडे जातो. जलरंगात मात्र आपल्या हाताबरोबर पाणीही काम करत असते आणि ते निसर्गाच्या नियमांप्रमाणे वागते. ते नियम ओळखले की चित्र जमू लागते, आणि ओळखायचे तर पाण्याकडे बघत बसावे लागते. या लेखात आपण ते नियम पाहू आणि वर्गात सुरुवात कशी करता येईल, तेही पाहू.

रंगाच्या वडीत काय असते?

जलरंगाच्या वडीत किंवा नळीत मुख्यतः दोन पदार्थ असतात: रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड आणि डिंक. हा डिंक बाभळीच्या कुळातील झाडांपासून मिळतो. वडी फार कोरडी पडून तडकू नये म्हणून थोडे ग्लिसरीन किंवा मध, आणि बुरशी लागू नये म्हणून एखादे रसायन घातलेले असते. पाणी आपण घालतो. ते आपले काम करते आणि हवेत निघून जाते. कागदावर उरते ती डिंकाने चिकटवलेली पूड.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण पाण्यात तरंगत राहतात. साखर विरघळते, माती गढूळ करते, असा हा फरक आहे. कपड्यांना घालायच्या निळीवरून तो चटकन समजतो. पूर्वी घरोघरी असणारी निळीची पूड पाण्यात कालवून ठेवली की थोड्या वेळाने तळाशी बसे, आणि घाईने कपडा बुडवला तर त्यावर निळे ठिपके उमटत. बाटलीतून मिळणारी पातळ नीळ तळाशी बसत नाही, कारण ती विरघळणाऱ्या रंगाची असते. दोन पेल्यांत दोन्ही घेऊन रात्रभर ठेवाव्यात. सकाळी वेगळे काही सांगण्याची गरज उरत नाही.

निळीची ही पूड बहुधा ‘अल्ट्रामरीन’ या रंगद्रव्याची असते. हा निळा रंग एके काळी अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून काढीत आणि तो अत्यंत महाग असे. तो कृत्रिम रीतीने स्वस्तात बनवण्याची कृती शोधल्याबद्दल १८२८ साली झां बाप्तिस्त गिमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला बक्षीस मिळाले. त्यानंतर राजेरजवाड्यांच्या चित्रांतला हा निळा रंग धोब्याच्या बादलीपर्यंत येऊन पोचला. आपल्या रंगपेटीतील गेरूच्या जातीचे रंग तर त्याहून जुने. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड असलेली माती. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला लावतो तोच हा पदार्थ.

जाता जाता एक सूचना. हरताळ, हिंगूळ आणि शेंदूर ही जुनी रंगद्रव्ये अनुक्रमे आर्सेनिक, पारा आणि शिसे यांची संयुगे आहेत. ‘घरगुती रंग करून पाहू’ या उत्साहात ती मुलांच्या हाती देऊ नयेत. कुंचल्याचे टोक जिभेने ओले करण्याची सवयही मुळातच मोडावी.

उजेड कागदाचा असतो

जलरंगाचा थर पातळ आणि बराचसा पारदर्शक असतो. प्रकाश या थरातून जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर पोचतो, तिथून उलट फिरतो आणि त्याच थरातून पुन्हा आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणजे तो रंगातून दोनदा गाळला जातो. चित्रात जो उजळपणा दिसतो तो कागदाचा असतो. म्हणूनच जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. जिथे पांढरे हवे तिथे कागद तसाच सोडतात. म्हणूनच आधी फिके आणि मग गडद असा क्रम ठेवावा लागतो. गडदावर फिका रंग चढवला तर तो दिसतच नाही, कारण खालून उजेड येणेच बंद झालेले असते. पोस्टर रंग अपारदर्शक असतात, त्यामुळे ते काळ्यावर पिवळे दिसू शकतात. मुले दोन्हींना ‘वॉटर कलर’ म्हणतात आणि एकाची रीत दुसऱ्याला लावून फसतात.

हे वर्गात दाखवायला जिलेटीनचा रंगीत कागद पुरतो. पिवळ्या जिलेटीनचा एक तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवावा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थरागणिक रंग गडद होत जातो. तेच तुकडे खाकी कागदावर ठेवले की सगळे मळकट होते. पिवळ्यावर निळा ठेवला तर हिरवा दिसतो. का? पिवळा कागद पांढऱ्या प्रकाशातले निळे-जांभळे किरण शोषतो, निळा कागद तांबडे-नारिंगी शोषतो. दोघांच्या तावडीतून सुटतो तो मुख्यतः हिरवा. रंग मिसळणे म्हणजे प्रकाशातून वजाबाकी करणे. तीन-चार रंग कालवले की चिखल का होतो, याचे उत्तर यातच आहे: इतकी वजाबाकी झाल्यावर उजेड शिल्लकच राहात नाही.

कागदाच्या या उजेडाचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मूळचे सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढलेले, हातात समई घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे ते चित्र आहे. ज्योतीपुढे धरलेल्या हाताच्या बोटांतून आरपार आलेला तांबूस प्रकाश पाहून अनेकांना ते तैलचित्र वाटते, आणि काहींना तर राजा रविवर्म्यांचे. प्रत्यक्षात ते जलरंगातले आहे.

नवशिक्याला आणखी एक धक्का हमखास बसतो. ओला असताना झकास दिसणारा रंग वाळल्यावर फिका पडतो. त्यात रंगाचा दोष नाही. पहिल्या पावसात माती काळीभोर दिसते, पाण्याचे शिंतोडे पडलेला सदरा तिथेच गडद दिसतो, त्याचेच हे भावंड. कोरड्या कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते. हवेचा अपवर्तनांक १ आणि तंतूंचा सुमारे १.५, एवढ्या मोठ्या फरकामुळे प्रकाश जागोजागी विखरून परत फिरतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेची जागा पाण्याने घेतली की, पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे फरक कमी होतो. प्रकाश आत खोलवर शिरतो, अधिक शोषला जातो आणि रंग गडद वाटतो. भजी बांधलेल्या वर्तमानपत्राला तेल लागले की मागच्या बाजूची अक्षरे दिसू लागतात, तीही याच कारणाने. तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या आणखी जवळचा असतो. म्हणून जलरंग लावताना, हवा त्यापेक्षा थोडा गडद लावावा. किती गडद, हे सवयीने कळते.

कागदाची खळ

टीपकागदावर शाई फुटते आणि वहीच्या कागदावर फुटत नाही. दोन्ही सेल्युलोजचेच; मग फरक कशाचा? फरक खळीचा. कागदाचे तंतू पाणी ओढून घेणारे असतात. त्यांना जिलेटीन, पिष्ठ किंवा तत्सम पदार्थाची खळ दिली की पाणी एकदम आत न शिरता काही काळ वर राहते. आपल्याकडे हातकागदाला पिठाची खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटण्याची रीत होती. जलरंगाच्या कागदालाही अशी बेताची खळ असते. ती नसेल तर रंग टीपकागदासारखा पसरतो; फार असेल तर पाणी अळूच्या पानावरच्यासारखे थेंबाथेंबांनी उभे राहते.

शाळेतला साधा चित्रकलेचा कागद ओला झाला की लाटांसारखा उठतो. तंतू पाणी पिऊन फुगतात, आणि लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात. ओला भाग वाढला आणि कोरडा भाग तसाच राहिला की मधला कागद उचलला जाणारच. मग खळग्यांत रंग साचतो. उपाय सोपा आहे. पूर्ण कागद दोन्ही बाजूंनी ओला करून फळीवर पसरावा, चारही कडा डिंकाच्या पट्टीने चिकटवाव्यात आणि वाळू द्यावा. वाळताना तो आक्रसतो आणि ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो. जाड कागदाला, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, ही खटपट सहसा करावी लागत नाही. पण तो महाग असतो. शिकताना साध्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करावेत. लहान तुकडा कमी उठतो, आणि ‘बिघडला’ तर जिवाला लागत नाही.

बिघडणे म्हणजे काय?

जलरंगात तीन गोष्टींचा हिशेब असतो: कागदावर पाणी किती, कुंचल्यात पाणी किती, आणि मधे वेळ किती गेला. मुलांच्या बहुतेक ‘चुका’ या हिशेबातल्या आहेत.

पहिली चूक रंगाभोवतीच्या काळसर कडेची. बशीखाली सांडलेला चहा वाळला की मधे फिका आणि कडेला गडद असे वर्तुळ उरते. हे दृश्य शतकानुशतके सर्वांनी पाहिलेले. पण त्याचा नेमका उलगडा शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केला. थेंबाची कड पृष्ठभागाला अडकून राहते. कडेला पाण्याचा थर पातळ असतो आणि तिथून बाष्पीभवन झपाट्याने होते. ही तूट भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहू लागते आणि जाताना कण बरोबर नेते. पाणी उडून जाते, कण कडेवर ठेवून. कोरड्या कागदावर लावलेल्या जलरंगाची तीक्ष्ण कड अशीच बनते. पाकळीची किंवा छपराची कड हवी असते तेव्हा तीच आपल्या कामी येते; ढगाला मात्र ती नको असते. ढगासाठी कागद आधीच ओला करावा, म्हणजे रंगाला अडकायला कडच मिळत नाही.

दुसरी चूक फुलकोबीची. रंग अर्धवट वाळलेला असताना त्यात पाण्याचा थेंब पडला की दातेरी, फुलकोबीसारखा डाग उमटतो. कमी ओल्या जागेकडे जास्त ओल्या जागेतले पाणी केशाकर्षणाने धावते. वाटेतले रंगाचे कण ते पुढे ढकलत नेते आणि जिथे थांबते तिथे त्यांचा बांध घालते. यावरून एक नियम मिळतो: ओल्या रंगात नवा रंग सोडायचा तर कुंचल्यातले पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवे.

तिसरी चूक घासण्याची. रंग आवडला नाही की मूल तिथेच कुंचला फिरवत राहते. कागदाची खळ निघते, तंतू सुटतात, कागदाच्या वळ्या होतात आणि शेवटी भोक पडते. याला एकच औषध: हात मागे घेणे आणि वाळेपर्यंत थांबणे. वाट पाहणे हा जलरंगातला सर्वांत अवघड धडा आहे, मुलांना आणि आपल्यालाही.

थांबायचे केव्हा, हे कागदच सांगतो. कागद डोळ्यांसमोर आडवा धरून तिरकस पाहावे. पाण्याचा थर वर आहे तोवर तो आरशासारखा चमकतो. पाणी तंतूंत उतरले की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि चमक जाते. चमक आहे तोवर रंग सोडता येतो. चमक गेली, पण हाताला गार लागते, ही सर्वांत धोक्याची वेळ. तेव्हा कागदाला हात लावू नये. गारवाही गेला की पुन्हा काम सुरू करावे. हा गारवा कशाचा, हे मुलांना विचारावे. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता कागदातून घेतली जाते, आणि पाणी संपेपर्यंत तो गार राहतो. माठ आणि ओला कागद यांचे तत्त्व एकच.

वेळापत्रकाचा प्रयोग

आता एक प्रयोग. साहित्य: कागदाची पट्टी, एक गोल कुंचला, घट्टसर कालवलेला एक रंग, घड्याळ, आणि पाण्याचे दोन पेले: एक कुंचला धुण्यासाठी, दुसरा स्वच्छ पाण्यासाठी.

पट्टीवर पाच-पाच सेंटीमीटरचे सहा चौकोन आखावेत. सर्व चौकोन एकाच वेळी, सारखे ओले करावेत. पहिल्या चौकोनात लगेच रंगाचा एक थेंब सोडावा. दुसऱ्यात १ मिनिटाने, तिसऱ्यात २ मिनिटांनी, मग ४, ८ आणि १६ मिनिटांनी एकेक. थेंब सोडल्यावर कुंचला फिरवायचा नाही. पट्टी वाळली की सहा वेगवेगळी रूपे समोर येतात: चौकोनभर पसरलेला धूर, मऊ कडेचा ढग, लहान तारा, आणि शेवटी काठाला गडद रेघ असलेला स्वच्छ ठिपका. प्रत्येकाखाली वेळ लिहावी, आणि पट्टीवर तारीख, तापमान व आभाळाची स्थिती नोंदवावी.

हा प्रयोग आषाढात केला तर पट्ट्या एक प्रकारच्या येतील आणि मे महिन्यात केला तर दुसऱ्या. कोकणात भर पावसाळ्यात कागद तासभर ओला राहतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात कुंचला उचलेपर्यंत तो वाळलेला असतो. म्हणून रत्नागिरीच्या शिक्षकांनी काढलेले वेळापत्रक नागपूरला चालणार नाही. प्रत्येक शाळेला आपले स्वतःचे काढावे लागेल. वर्षभराच्या पट्ट्या भिंतीवर ओळीने लावल्या की वर्गाचे ते एक हवामानपत्रकच होते.

याच्या जोडीला दुसरा, सावकाश चालणारा प्रयोग. एका पट्टीवर हळदीचे पाणी, दुसऱ्या पट्टीवर गेरू आणि इतर पट्ट्यांवर पेटीतले निरनिराळे रंग लावावेत. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती उन्हाच्या खिडकीत ठेवावी. हळद काही दिवसांतच उडेल. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात घातला की जातो, हे घरात सर्वांना माहीत असते. गेरू मात्र महिनोन्‌महिने हलणार नाही. जलरंग उजेडात टिकतात का, यावर इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला तेव्हा रसेल आणि अ‍ॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी अशाच तऱ्हेने रंगांच्या पट्ट्या उन्हात ठेवून तपासणी केली आणि १८८८ साली अहवाल दिला. रंगाबरोबरच हवा आणि ओलावा यांवरही उडणे अवलंबून असते, हे त्यात दिसून आले.

काढायचे काय?

‘पण सर, काढू काय?’ हा प्रश्न मग येतोच. चित्र म्हणजे काहीतरी खास विषय, अशी समजूत त्यामागे असते. खास विषय शोधू लागलो की पुन्हा तेच दोन त्रिकोणी डोंगर! त्याऐवजी रोज समोर असणारी एकच साधी वस्तू घ्यावी आणि तिला एकच प्रश्न विचारावा.

उदाहरणार्थ, सावली. मुले सावली काळ्या रंगाने भरतात. पांढरा कागद उन्हात ठेवून त्यावर हाताची सावली पाडावी आणि काळ्या कागदाच्या सुरळीतून तिच्याकडे पाहावे. आकाश निरभ्र असेल तर सावली निळसर दिसते, कारण सूर्याचा प्रकाश अडला तरी निळ्या आकाशाचा प्रकाश तिथे पोचतच असतो. हा रंग करण्यासाठी काळी वडी लागत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग कमीअधिक मिसळले की थंड करड्यापासून उबदार करड्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात. या दोन रंगांवर महिनाभर काम करता येते, आणि तितके करावे.

किंवा पान. पेटीतली तयार हिरवी वडी सर्व झाडांना पुरते असे मुलांना वाटते. आंब्याची कोवळी पालवी आणून समोर ठेवावी. ती तांबूस असते! जुन्या, चकचकीत पानावर वरच्या अंगाला आकाशाचा फिका निळसर रंग पडलेला असतो, आणि उजेडासमोर धरले की तेच पान पिवळसर हिरवे दिसते. एकाच झाडावर पाच रंग निघतात. पावसाळ्यात शाळेच्या भिंतीवर चढणारी ओल, दोरीवर वाळत घातलेले कपडे, चहाची किटली, चिरलेले कारले, एस.टी. स्टँडवरच्या डबक्यातले आभाळ, यांतले काहीही चालते. रोज पंधरा मिनिटे आणि पोस्टकार्डाएवढा कागद पुरे.

एकच जागा पुन्हा पुन्हा काढण्याचा फायदा आणखी मोठा. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि कोल्हापुरास परतले. शाहू छत्रपतींचा त्यांना आश्रय होता. १९३१ साली त्यांचे निधन झाले. कोटितीर्थाच्या तळ्याचा परिसर त्यांनी अनेकदा रंगवला. तळे तेच असते. पाण्यावरचा उजेड रोज वेगळा असतो. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेड इथे ढगांचे कितीतरी अभ्यास केले. ते तैलरंगात होते. पण आपल्या कामाची गोष्ट अशी की, त्यांतल्या अनेकांच्या मागे त्यांनी तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. हे चित्र म्हणावे की निरीक्षणाची नोंद? आम्हांला वाटते, त्यात फरक करण्याचे कारणच नाही. मुलांनीही चित्रामागे तारीख, वेळ, ठिकाण आणि हवा एवढे चार शब्द लिहावेत.

शिक्षकांचा हात

इथे आपल्याबद्दलही थोडे बोलायला हवे. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणणारी मुले पहिलीत नसतात. ती सहावी-सातवीत भेटू लागतात. मधल्या काळात काहीतरी घडलेले असते. कुणीतरी चित्राला हसलेले असते, कुणीतरी आकाश निळे नाही म्हणून गुण कापलेले असतात, आणि पुष्कळदा एखाद्या प्रेमळ शिक्षकाने मुलाच्या हातून कुंचला घेऊन ‘असे कर’ म्हणत त्याचे चित्र नीट करून दिलेले असते. चित्र सुधारते, पण मूल मनाशी काय समजायचे ते समजून जाते.

म्हणून एक पथ्य पाळावे: मुलाच्या कागदावर आपण रंग लावायचा नाही. दाखवायचेच असेल तर वेगळ्या तुकड्यावर दाखवावे. चित्र ‘चांगले’ की ‘वाईट’ हे सांगण्याऐवजी विचारावे, ‘इथे पाणी जास्त झाले की कमी?’ बिघडलेले कागद फाडून न टाकता वहीत चिकटवावेत आणि खाली कारण लिहावे. फुलकोबीचा डाग ही विज्ञानाच्या वहीतली उत्तम आकृती आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनाही या सरावाचा तोटा होणार नाही. आणि ज्यांना स्वतःला चित्र येत नाही असे वाटते, त्या विज्ञान शिक्षकांनी तर मुलांबरोबर बसून जरूर शिकावे. आपल्या शिक्षकांचाही रंग फुटतो, हे पाहून मुलांची भीती निम्मी कमी होते.

पुन्हा डोंगराकडे

आता मुलांना घेऊन खिडकीशी, किंवा शाळेमागच्या टेकडीवर जावे. डोंगरांच्या रांगा एकीमागे एक दिसतात. जवळची तपकिरी-हिरवी, तिच्यामागची करडी-हिरवी, त्यामागची निळसर, आणि सर्वांत दूरची जवळजवळ आकाशात मिसळलेली. झाडे सगळीकडे तीच, खडकही तोच. मग रंग का बदलतो? डोंगर आणि आपण यांच्यामध्ये हवा असते. हवेचे रेणू सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात, आणि हा विखुरलेला प्रकाश डोंगरावर पातळ निळ्या थरासारखा पसरतो. अंतर जितके जास्त, तितका हा थर जाड.

जलरंगात हे चित्र काढण्याची रीतही तशीच, थराथरांची. आधी सर्वांत दूरच्या रांगेचा अगदी पातळ निळा हात सपाट द्यायचा आणि थांबायचे. कागदाचा गारवा गेला की त्यापुढच्या रांगेचा थोडा गडद हात. पुन्हा थांबायचे. असे चार थर. पेन्सिलीची बाह्यरेषा काढण्याआधी मुलांना एकच सांगावे: माथ्यावरून बोट फिरवा. हवेत, एक डोळा मिटून, डोंगराच्या कडेवरून बोट नेऊ द्यावे. बोट चढते, थोडे सपाट जाते, एका पायरीवरून खाली येते, पुन्हा सपाट जाते. त्रिकोण कुठेच लागत नाही.

पहिल्या दिवशी चित्रे ओबडधोबड येतील. कुणाचा दूरचा डोंगर जवळच्यापेक्षा गडद होईल, कुणाचे थर एकमेकांत मिसळतील. त्या साठ कागदांत डोके सपाट असलेला एक जरी डोंगर निघाला, तरी त्या मुलाने आज खिडकीबाहेर पाहिले, एवढे नक्की. उद्याच्या तासाला त्याला विचारावे, ‘डोंगराचे डोके सपाट का रे?’ भूगोलाचा धडा तिथून सुरू करता येईल.